खिसा आणि शेजारी

वाचकहो, सुट्ट्यांचे आणि लग्नसराईचे दिवस आले की आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबे प्रवासास निघतात. कोणी बेळगावहून औषधोपचारासाठी मिरजेस जातात, कोणी इंदूरहून पुण्यास, कोणी वडोदऱ्याहून मुंबईस, तर कोणी हैदराबादेहून सोलापूरकडे आपल्या मूळ गावी. घराचा उंबरठा ओलांडताना घरातील वडील माणूस एक वाक्य हमखास बोलते: "पैसे नीट सांभाळा, आणि गाडीत कोणावर विश्वास ठेवू नका."

हे वाक्य आपण एका दमात बोलतो व ऐकतो. परंतु त्यात दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. पहिली पैशाविषयी आहे, दुसरी माणसाविषयी. पहिलीबद्दल दुमत नसावे. दुसरीचे काय? पैसे सांभाळायचे तर शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाला चोर समजलेच पाहिजे काय? सावधपणा आणि संशय ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत, की त्या दोन वेगळ्या वस्तू आहेत? या प्रश्नाचा आज थोडा विचार करू.

आरंभी एका गैरसमजाचा निकाल लावला पाहिजे. काही भाविक माणसांना वाटते की, पैशाचा फार बंदोबस्त करणे हे विश्वास कमी असल्याचे लक्षण होय. राखणारा देव आहे, मग कुलूप कशाला? हा विचार दिसतो गोड, पण आहे अपुरा. आपल्या प्रभूच्या शिष्यांचीही खर्चाची एक सामाईक थैली होती आणि ती सांभाळण्याचे काम एकाकडे नेमून दिलेले होते. शिवाय आपल्या खिशातील पैसा बहुधा एकट्या आपला नसतो. त्यात बहिणीच्या शस्त्रक्रियेची रक्कम असते, मुलाच्या वसतिगृहाची फी असते, कधी मंडळीच्या वर्गणीचे पैसे असतात. दुसऱ्याची ठेव निष्काळजीपणे वागवण्याचा अधिकार कोणाला दिलेला नाही.

म्हणून सावधपणा हे कर्तव्यच आहे. आता ते कर्तव्य कसे करावे हे पाहण्यासाठी पाकीटमार आपले काम कसे करतो हे जाणून घेतले पाहिजे. तो सहसा एकटा नसतो. गाडीच्या किंवा एस.टी.च्या दाराशी चढण्याची घाई चाललेली असते, तेव्हा पुढचा मनुष्य एकाएकी थबकतो, मागचा रेटा देतो, आणि त्या दाटीत तिसऱ्याचा हात खिशात जातो. हातावर वर्तमानपत्र किंवा रुमाल आडवा धरलेला असतो. पाकीट हाती लागताच ते चौथ्याकडे जाते, म्हणून ज्याच्यावर आपला संशय जातो त्याच्याजवळ काहीच सापडत नाही. कधी पिशवीला खालून ब्लेडची चीर दिलेली असते. कधी "भाऊ, तुमच्या सदऱ्याला मागे घाण लागली आहे" असे कोणी आपुलकीने सांगतो, आणि आपण मागे पाहतो तेवढ्यात पुढची पिशवी नाहीशी होते. एवढेच काय, "पाकीटमारांपासून सावध राहा" ही पाटी वाचताच आपला हात आपोआप खिशाकडे जातो, आणि पाहणाऱ्याला पैसे कोठे आहेत हे आयतेच कळते.

यातून एक गोष्ट ध्यानात येते. ही सारी कला आपले लक्ष दुसरीकडे वळवण्याची आहे. चोर कोण हे चेहऱ्यावरून ओळखण्याच्या नादात आपण राहिलो, तर ज्याच्याकडे आपण टक लावून पाहतो तो बिचारा वेगळाच असतो आणि हात घालणारा वेगळाच. चोख कपड्यांचा, गोड बोलणारा, कदाचित हाती ऑफिसची बॅग असलेला मनुष्यच हे काम करीत असतो. तेव्हा चेहऱ्यावर संशय घेणे अन्यायाचे तर आहेच, पण ते निरुपयोगीही आहे.

मग उपाय काय? तो आपल्या आजी-आजोबांना ठाऊक होता. आजोबा कमरेला कसा बांधीत आणि बंडीला आतून चोरखिसा शिवून घेत. आजी कनवटीला पैसे लावी. त्या काळी प्रवासात माणसे एकमेकांशी मोकळेपणाने बोलत, भाकरी वाटून खात. कारण पैशाचा बंदोबस्त घरीच झालेला असे, गाडीत त्याची चिंता उरत नसे. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म येथेच आहे. बंदोबस्त वस्तूचा करावा, माणसाचा नव्हे. आणि तो निघण्यापूर्वी घरी करावा, म्हणजे गाडीत बसल्यावर शेजाऱ्याकडे शेजारी म्हणून पाहता येते.

आजच्या काळी तो असा करता येईल. वाटखर्चापुरते सुटे पैसे वरच्या खिशात ठेवावेत. उरलेली रक्कम दोन-तीन ठिकाणी विभागून अंगालगत ठेवावी आणि ती चारचौघांत बाहेर काढू नये. पँटच्या मागच्या खिशात पाकीट ठेवणे सोडावे. गर्दीत पिशवी पाठीवरून पुढे छातीशी घ्यावी. गाडीत चढताना मोबाईल हातात नसावा. कार्डाचा गुप्त क्रमांक कार्डासोबत लिहून ठेवणे म्हणजे कुलपाला किल्ली लटकावून ठेवणे होय. यंत्राला नुसते टेकवून पैसे देण्याची सोय ज्या कार्डांना आहे, त्यांतून 1 जानेवारी 2021 पासून 5,000 रुपयांपर्यंतचा व्यवहार गुप्त क्रमांकाशिवाय होऊ शकतो. ही सोय चालू-बंद करणे व मर्यादा ठरवणे कार्डधारकाच्या हाती दिलेले आहे. प्रवासापूर्वी तेवढे करून घ्यावे. बँकेचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून तो पाकिटात नव्हे, तर सोबतच्या माणसाजवळ ठेवावा. कारण पाकीट आणि मोबाईल पुष्कळदा एकदमच जातात. कार्ड हरवताच बँकेला कळवावे. कळवल्यानंतर होणारा तोटा ग्राहकाने नव्हे, तर बँकेने सोसावा, असे रिझर्व्ह बँकेने 2017 साली ठरवून दिले.

येथे एक अवघड प्रश्न उभा राहतो. पाकीट उघड्यावर ठेवून आपण दुर्बळ माणसाच्या वाटेत मोह ठेवतो काय? चोरीच्या पापात निष्काळजी माणसाचाही वाटा असतो काय? आमच्या बायबल-वर्गात यावर पुष्कळ वाद होतो. आम्ही असे म्हणू: गुन्हा चोराचाच आहे, त्याचा एक पैसाही दुसऱ्याच्या खात्यावर जमा होत नाही. तथापि भुकेल्या माणसापुढे नोटांची गड्डी मोजत बसू नये, हेही शेजारधर्मातच मोडते. या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत; फक्त त्यांची वेळ वेगळी आहे. "मी काळजी घेतली आहे काय?" हा प्रश्न प्रवासापूर्वी स्वतःला विचारावा. "तुम्ही काळजी का घेतली नाही?" हा प्रश्न चोरी झाल्यावर दुसऱ्याला विचारू नये. पहिला प्रश्न शहाणपणाचा आहे. दुसरा निर्दयपणाचा आहे, कारण त्याने लुटलेला मनुष्य पुन्हा एकदा लुटला जातो.

यरुशलेमेहून यरीहोस उतरणाऱ्या माणसाचा दाखला आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. तो प्रवाशाला लुटल्याचाच दाखला आहे. तो मनुष्य त्या वाटेने एकटा का निघाला, जवळ किती द्रव्य होते, ते त्याने कोठे ठेवले होते, याची तेथे एका शब्दानेही चौकशी नाही. शोमरोनी मनुष्याने जखमा बांधल्या, त्याला आपल्या जनावरावर बसवले आणि उतारशाळेवाल्याच्या हाती दोन नाणी ठेवली. ध्यानात घ्या, त्या शोमरोन्याची थैली शाबूत होती म्हणूनच ती दुसऱ्याच्या उपयोगी पडली. सांभाळलेला पैसा कशासाठी असतो, याचे याहून चांगले उत्तर आम्हांला माहीत नाही.

आता संशयाने काय होते ते पाहा. आम्ही एकदा पॅसेंजर गाडीने मिरजेकडे जात होतो. एका आजीबाईंची पदराची गाठ सुटली आणि त्यांचे पैसे दिसेनात. डब्यात गलका झाला. कोणी काही विचारण्याआधीच सर्वांच्या नजरा एका बाईकडे वळल्या. ती दाराजवळ खाली बसली होती. लुगडे विटलेले, कडेवर मूल, जवळ एक बोचके. एकाने ते बोचके ओढून उलटे केले. त्यातून दोन भाकरी आणि मुलाचे झबले पडले. थोड्या वेळाने पैसे आजीबाईंच्याच पिशवीत, तांदळाच्या पुडीखाली सापडले. डबा शांत झाला आणि जो तो खिडकीबाहेर पाहू लागला. आजीबाई मात्र उठल्या, वाकून त्या भाकरी उचलून त्यांनी फडक्यात बांधल्या आणि त्या बाईजवळ खाली बसल्या. मिरज येईपर्यंत त्या तेथेच होत्या.

आजीबाईंचे पैसे परत मिळाले. पण त्या बाईचे जे गेले ते कोणत्या ठाण्यावर नोंदवावे? पाकीट मारणारा पैसा नेतो; संशय घेणारा माणसाची अब्रू नेतो, आणि तेही भरदिवसा, स्वतःला सज्जन समजून.

हा काही एका डब्यातला प्रकार नाही. इंग्रज सरकारने 1871 साली कायदा करून कित्येक जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले होते. आईच्या पोटातून आलेल्या मुलावर शिक्का बसे. त्या लोकांना हजेरी द्यावी लागे. सोलापूर, हुबळी अशा ठिकाणी त्यांच्या सेटलमेंट होत्या. हा कायदा 1952 साली रद्द झाला, पण लोकांच्या मनातला कायदा रद्द झाला असे म्हणवत नाही. लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे आत्मकथन 1987 साली प्रसिद्ध झाले आणि पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ज्या जमातीचे नावच चोरीवरून पडले, तिच्यातील मुलांना चोरी का शिकावी लागते, भूक आणि पोलिसांचा ससेमिरा त्यांना कसे घेरतो, हे त्यांनी स्वतः भोगून लिहिले आहे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी ते अवश्य वाचावे. ते वाचल्यावर चोरी योग्य वाटू लागत नाही. पण "हे लोक असेच" असे म्हणताना जीभ अडखळते.

मग खरोखरच पाकीटमार हाती सापडला तर काय करावे? पुष्कळ ठिकाणी जमाव आधी हात धुऊन घेतो आणि मग पोलिसांना बोलावतो. ज्यांचे काही गेलेले नाही तेच अधिक मारतात, असेही दिसते. हा न्याय नव्हे. हा दुसऱ्याच्या पापावर आपला राग फेडून घेणे होय. कायद्याची वाट उघडी आहे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत टोळीने केलेली पाकीटमारी संघटित किरकोळ गुन्ह्यांत धरली असून तिला एक ते सात वर्षांपर्यंत कैद सांगितली आहे. त्याच संहितेत दुसरी तरतूद अशी की, पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने पाच हजारांहून कमी किमतीची चोरी केली असेल आणि तो माल किंवा त्याची किंमत परत करील, तर त्याला शिक्षा म्हणून समाजसेवा करावी लागते. म्हणजे धंदा करणारी टोळी आणि पाय घसरलेला मनुष्य यांत कायदाही फरक करू लागला आहे. जमावाच्या हाताला तो फरक करता येत नाही.

ज्याचे पैसे गेले त्याच्यासाठी काय करावे हे सांगून आम्ही आटोपते घेतो. त्याला प्रथम बसवावे आणि पाणी द्यावे. आपल्या मोबाईलवरून त्याच्या बँकेला व घरी फोन लावून द्यावा. रेल्वेत असल्यास 139 या क्रमांकावर कळवावे. चोरी कोणत्या स्थानकाजवळ झाली हे ठाऊक नसले तरी तक्रार कोणत्याही पोलीस ठाण्यात देता येते, हे त्याला सांगावे. शेवटी त्याच्या तिकिटाची व जेवणाची विचारपूस करावी. दहा जणांनी थोडे थोडे दिले तर एक मनुष्य घरी पोहोचतो.

पुढील प्रवासास निघताना चोरखिसा जरूर शिवून घ्या, कार्डाची मर्यादा ठरवून घ्या, मुलांना गर्दीत पिशवी कशी धरावी ते शिकवा. पण दाराशी उभे राहून निरोप देताना त्या जुन्या वाक्याचा उत्तरार्ध तेवढा बदला. "पैसे नीट सांभाळा," एवढे म्हणून झाल्यावर म्हणा, "आणि वाटेत कोणाचे काही हरवले, तर त्याच्याजवळ थांबा."