लग्नगाठ आणि नशीब

लग्नाच्या गाठी स्वर्गात बांधलेल्या असतात, असे आपण मांडवात कौतुकाने म्हणतो. पुढे संसारात बिनसले, की तेच आपण 'तिच्या नशिबातच होते' अशा शब्दांत सांगतो. आपण पत्रिका जुळवत नाही, मंगळ पाहत नाही (निदान उघडपणे तरी नाही). पण नशीब मात्र आपल्या घरात ठाण मांडून आहे.

पवित्र शास्त्रातही अशी भाषा आढळते, हे मान्य केले पाहिजे. तोबितच्या पुस्तकात राफाएल देवदूत तरुण तोबियाला सांगतो की, सारा अनादिकालापासून तुझ्यासाठीच नेमलेली आहे. पण ही सारा कोण? जिचे सात नवरे लग्नाच्या रात्रीच मेले, ती. आपल्याकडे अशा मुलीला 'पांढऱ्या पायाची' म्हणतात. नवऱ्यांचा जीव घेणारी म्हणून घरची दासीसुद्धा तिला हिणवते. गळफास घ्यावा, असे तिच्या मनात येते. लोकांनी तिच्या कपाळावर मारलेला शिक्का देव पुसतो, तो या 'नेमणुकी'ने. तोबियाला भीती वाटते आणि तो ती बोलूनही दाखवतो. मग तो लग्नाला तयार होतो.

रिबेकाचेही तसेच. अब्राहामाच्या सेवकाने विहिरीपाशी देवाकडे खूण मागितली आणि ती तंतोतंत पटली. तरीही निघण्यापूर्वी घरच्यांनी तिला बोलावून विचारले, 'जाशील का?' ती 'जाईन' म्हणाली.

चर्चच्या १९८३ च्या कायद्याचे कलम १०५७ हेच सांगते. विवाह होतो तो वधूवरांच्या संमतीने, आणि ती संमती त्यांच्या वतीने दुसरे कोणीही देऊ शकत नाही. म्हणूनच वेदीसमोर फादर दोघांना विचारतात की, तुम्ही स्वखुशीने आलात ना?

मग मार खाऊन माहेरी आलेल्या मुलीला आपण 'हा तुझा क्रूस आहे' असे कसे सांगतो? प्रभूने क्रूस स्वेच्छेने पत्करला. नवऱ्याच्या मारहाणीला ते नाव देणे आम्हाला पटत नाही. कलम ११५३ नुसार जोडीदारापासून गंभीर धोका असल्यास वेगळे राहता येते. एरवी त्यासाठी बिशपांची मान्यता लागते, पण उशीर करण्यात धोका असेल तर स्वतःच्या अधिकारानेही घर सोडता येते. कारण संपल्यावर पुन्हा एकत्र नांदावे, असेही तेच कलम म्हणते. ते खरोखर संपले आहे का, हे मात्र मध्यस्थांच्या आधी तिला विचारायला हवे.