भाषेचे ओझे कोणी वाहायचे?

1879मध्ये जपानने ऱ्युक्यूचे राज्य खालसा करून त्याचा ओकिनावा प्रांत केला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथल्या शाळांत एक शिक्षा रूढ झाली. घरची भाषा तोंडातून निघाली, की मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवायची. तिला ‘होगेन-फुदा’ म्हणत. पाटीतून सुटायचे, तर तोच ‘गुन्हा’ करणारा दुसरा मुलगा पकडून ती त्याच्या गळ्यात घालायची. शिक्षकांना पहारा द्यायची गरजच उरली नाही; वर्गमित्रच एकमेकांवर पाळत ठेवू लागले. काही शाळांत ही पाटी दुसऱ्या महायुद्धानंतरही टिकून होती.

जपानच्या त्या काळच्या मेइजी राज्यकर्त्यांपुढची अडचण खरी होती, हे मान्य करायला हवे. देशाच्या दोन टोकांची माणसे एकमेकांचे बोलणे समजू शकत नव्हती. सैन्य, शाळा आणि कायदा मात्र सगळ्यांसाठी एक करायचा होता. जर्मनीत शिकून आलेल्या भाषातज्ज्ञ उएदा काझुतोशींनी 1894मध्ये भाषा ही राष्ट्राच्या नसांतून वाहणारे रक्त असल्याचा विचार मांडला. 1902मध्ये भाषेच्या प्रश्नासाठी सरकारी समिती नेमली गेली आणि टोकियोतल्या सुशिक्षितांची बोली प्रमाण ठरत गेली. या प्रमाणभाषेने साक्षरता घरोघर नेली. तिचे हे उपकार मोठे आहेत. पण जी भाषा सर्वांना जोडण्यासाठी होती, ती शिकण्याचे सारे कष्ट दुर्बळांच्या वाट्याला आले आणि स्वतःची भाषा सोडण्याची लाजही त्यांच्याच. 2009मध्ये युनेस्कोने जपानमधल्या आठ भाषा धोक्यात असल्याचे नोंदवले. त्यांत आयनू लोकांच्या भाषेची अवस्था सर्वांत बिकट होती.

समाज बदलला तसे ओझ्याचे वाटपही बदलू लागले. 1990पासून ब्राझीलमधले जपानी वंशाचे लोक मोठ्या संख्येने कारखान्यांत कामाला येऊ लागले. 1995च्या कोबे भूकंपात अनेक परदेशी रहिवाशांना सूचनाच कळल्या नाहीत. त्यातून हिरोसाकी विद्यापीठातल्या अभ्यासकांनी ‘यासाशी निहोंगो’, म्हणजे सोप्या जपानीचा आग्रह धरला : वाक्ये छोटी, शब्द रोजचे, अवघड चिनी अक्षरे टाळलेली. 1 जानेवारी 2024 रोजी नोतो भूकंपानंतर एनएचके या दूरचित्रवाणीच्या पडद्यावर ‘त्सुनामी! पळा!’ हा मजकूर मोठ्या, सोप्या लिपीत झळकला. लहान मूल असो वा नुकताच आलेला कामगार, दोघांनाही तो वाचता यावा, अशी ती तजवीज. भाषा येते त्याने, न येणाऱ्यासाठी एक पाऊल पुढे यायचे, हे तत्त्व त्यात आहे आणि मला ते फार मोलाचे वाटते.

पण संकटाच्या घडीपुरते तत्त्व पाळून भागत नाही. 2019मध्ये जपानी भाषाशिक्षणाला चालना देण्याची जबाबदारी कायद्याने सरकारवर आली, आणि त्याच वर्षीच्या पहिल्या देशव्यापी पाहणीत सुमारे 20,000 परदेशी मुले शाळेबाहेर असण्याची शक्यता दिसली. कारण सक्तीच्या शिक्षणाचे बंधन परदेशी पालकांना लागू नाही. 2019च्याच दुसऱ्या कायद्याने आयनूंना मूलनिवासी म्हटले. 2020मध्ये शिराओई या गावी त्यांचे राष्ट्रीय संग्रहालय उघडले. संग्रहालय हवेच, पण भाषा जगते ती मुलांच्या तोंडी. ज्या शाळेने ओकिनावाच्या मुलांना गप्प केले, त्याच शाळेच्या वेळापत्रकात आता त्यांच्या आणि आयनूंच्या भाषेला तास मिळाला पाहिजे, आणि नव्याने आलेल्या प्रत्येक मुलाला बाक. भाषाधोरण न्याय्य आहे की नाही, याची कसोटी हीच : शिकण्याचे कष्ट दोन्ही बाजू उचलतात का?