थकवा म्हणजे श्रद्धा कमी नव्हे

॥ श्री गुरुदेव दत्त ॥



दोन वर्षांपूर्वी मला पेसमेकर बसवला. सगळ्यांना वाटलं, आता ही ठणठणीत. पण रात्री दोन-अडीचलाच जाग यायची आणि दिवसा पोळ्या लाटताना हात गळून जायचे. काकड आरती चुकू लागली. वाटायचं, माझं नामच कमी पडतंय. म्हणून घरात कोणाजवळ बोलले नाही.

गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंत सांगतात, झोप आणि जागरण दोन्ही प्रमाणात हवं. म्हणजे झोपही साधनाच की! मग तिची तक्रार लपवायची कशाला? पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी पेसमेकरचं सेटिंग बदललं, एका गोळीची वेळ बदलली. थकवा पूर्ण गेला नाही, पण पुष्कळ कमी झाला.

तेव्हाच कळलं, माझा पेसमेकर सारखे ठोके देत नाही. तो हृदयावर लक्ष ठेवून असतो, ठोका चुकला तरच हात देतो. सद्गुरूही असेच. चालायचं आपणच, अडखळलो की ते आहेतच.

आता रात्री जाग आली की घड्याळ बघत नाही. पडल्या पडल्या संथ नाम घेते. झोप लागली तर उत्तम, नाहीतर नाम तरी झालं.

तुमच्या घरातही कोणी "काही नाही, बरी आहे मी" म्हणत असेल. आज जवळ बसून विचारा. नाम घ्याच, पण तपासणी चुकवू नका. शरीर त्यांनीच दिलंय, ते जपणं हीसुद्धा सेवाच.

गुरुचरणी अर्पण 🙏
एक सेविका, इंदूर