ही शिडी मी पास करत नाही

पेढ्यांचा पुडा तिकडे कपाटावर ठेव आणि बस. नवी शेड घेतलीस, वेल्डिंग मशीनं वाढवलीस, हाताखाली पोरं ठेवलीस, सगळं कानावर आलंय. कौतुक करीन, पण सावकाश. आधी त्या साखर कारखान्यातल्या मळीच्या टाकीबद्दल बोलू.

आपली शिकाऊ पोरं तिथं आहेत, त्यांना बघायला गेलो होतो. टाकीला नवी कोरी शिडी दिसली. पिवळाधमक रंग, खाली तुझ्या वर्कशॉपचा स्टिकर. चढलो. वर जाऊन खाली आलो, मग खिशातली टेप काढली आणि पुन्हा चढलो. आत्ताच मान खाली घालू नकोस, अजून मी सुरुवातही केलेली नाही.

पहिली गोष्ट, तिथं शिडी लावलीसच का? कारखान्यानं ‘मंकी लॅडर’ मागितली, तू करून दिलीस. त्या टाकीवर माणूस कशाला चढतो आणि किती वेळा चढतो, हे विचारलंस कुणाला? मळीचा हिशेब राज्य उत्पादन शुल्क खात्याला द्यावा लागतो, त्यासाठी डिप घ्यावा लागतो, म्हणजे आतल्या मळीची पातळी मोजावी लागते. शिवाय तापमान बघावं लागतं, कारण साठवलेली मळी आतल्या आत तापत गेली तर फेसाळून बाहेर येते. म्हणजे गळीत हंगामात तिथली चढउतार रोजची. रात्रपाळीत, धुक्यात, मळीनं चिकटलेल्या बुटांनी. अशा वाटेला आधी जिना, जिना बसतच नसेल तर मग शिडी. यंत्रांवर चढण्या-उतरण्याच्या वाटांचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे ना, आयएसओ १४१२२, त्याच्या पहिल्या भागात हाच क्रम दिलाय. उभी शिडी सगळ्यांत शेवटी. टाकीला वळसा घालून जाणारा जिना तुला करता येत नाही असं म्हणू नकोस, मीच शिकवलाय.

‘सर, पार्टी बजेट नाही म्हणाली.’ म्हणेलच. तिला कळत नाही म्हणून तर तुझ्याकडे आली. तू एकदा तरी तोंड उघडून सांगितलंस का, की साहेब, रोज चढायचं असेल तर जिना घ्या? नाही सांगितलंस. कोटेशन हातचं जाईल म्हणून गप्प बसलास.

बरं, शिडी तर शिडी. दांड्यांपासून बघू. उभ्या फ्लॅटला भोकं पाडून दांडी आरपार न्यायची आणि दोन्ही तोंडांना गोल वेल्ड भरायचा, हे तुझ्या जर्नलमध्ये तुझ्याच अक्षरात आहे. तू काय केलंस? भोकं पाडायचा वेळ वाचवलास. दांड्या मापात कापल्या, दोन फ्लॅटच्या मधे धरल्या आणि समोरून टाके मारले. मागची बाजू कोरडी. सातव्या की आठव्या दांडीवरचा रंग नखानं खरवडला, तर खाली स्लॅग तसाच. चिपिंग हॅमर उचलायचासुद्धा कंटाळा! वेल्ड बघायच्या आधी त्यावर रंग मारणाऱ्याला मी कारागीर म्हणत नाही. लपवणारा म्हणतो.

दांड्यांमधलं अंतर खालून ३०० एमएम, ठीक. आणि सगळ्यांत वरचा गाळा? ४१०. हिशेब चुकला, उरलेलं अंतर वर ढकलून दिलंस. अरे, पहिल्या चार-पाच दांड्यांतच पायाला अंतराची सवय होते. मग माणूस खाली बघत नाही, पाय आपणहून दांडी शोधतो. उतरताना तर बघायची सोयच नसते. वरून पहिलंच पाऊल खाली टाकतो तेव्हा ३०० वर दांडी असायला हवी, ती ११० एमएम आणखी खाली. तेवढा वेळ सगळा भार हातांवर. अंतर किती असावं याबद्दल मानकांत थोडा फरक आहे: अमेरिकेत १० ते १४ इंच, आयएसओत २२५ ते ३०० एमएम. पण सगळी अंतरं सारखी असावीत, यावर सगळ्यांचं एकमत आहे.

आता तुझी क्लीट, शिडी टाकीला जोडणारी. दांडीच्या मध्यापासून टाकीच्या पत्र्यापर्यंत १५० भरतं. आयएसओ २०० मागतं, अमेरिकी नियम सात इंच, म्हणजे १७८. तू दोन्हींच्या खाली. पण खरी गंमत वर आहे. टाकीच्या वरच्या कडेला कर्ब अँगल फिरवलेला आहे, तो तुझ्या टेपमध्ये आलाच नाही. ७५ चा अँगल बाहेर आलाय, म्हणजे शेवटच्या दांडीमागे उरले ७५ एमएम. तिथं सेफ्टी बुटाचं फक्त टोक टेकतं. सगळा पाय दांडीवर बसायला हवा, तर माणूस बोटांवर उभा. पटत नसेल तर जाऊन बघ, शिडी नवी आहे तरी त्या अँगलवरचा रंग बुटांच्या टोकांनी उडालाय. प्रत्येक ओरखडा म्हणजे कुणाचा तरी पाय तिथं आपटून मागे सरकलाय.

आणि तिथंच, जिथं पाय धड टेकत नाही नेमकं तिथंच, तुझी शिडी संपते. याचा मला सगळ्यांत जास्त राग आहे. शिडीचे उभे फ्लॅट प्लॅटफॉर्मच्या पातळीला कापून टाकलेस! वर येणाऱ्यानं धरायचं काय? हवा? शिडीवरून प्लॅटफॉर्मवर जाताना अंगाचा तोल एका बाजूकडून दुसरीकडे जातो. माणूस पडतो तो बऱ्याचदा त्या एका पावलात. म्हणून उभे फ्लॅट वरच्या पातळीच्याही वर १.१ मीटर न्यायचे असतात, अमेरिकी नियमात ४२ इंच. मधल्या दांड्या तिथं काढायच्या आणि फ्लॅट बाहेर फाकवायचे, मधे दोन फूट ते अडीच फूट जागा ठेवायची, म्हणजे माणूस दोन्ही हातांनी धरून सरळ मधून जातो. शेवटची दांडी प्लॅटफॉर्मच्या पातळीत. तुझ्या शिडीवर मी वर पोचलो तेव्हा हाताला सापडलं काय, तर मॅनहोलचं झाकण. तेही गरम.

६५ बाय १० चा फ्लॅट तू वापरलास. मीटरला पाच किलोच्या वर वजन. दोन्ही बाजू मिळून सव्वादोन मीटर धर. म्हणजे तू साधारण ११ किलो लोखंड वाचवलंस. आजच्या बाजारभावानं गुण आणि आकडा तूच सांग मला. सांग की! नऊ मीटर उंचीवरून माणूस सुटला तर दीड सेकंदाच्या आत खाली येतो, ताशी पन्नासच्या आसपास वेगानं. हा गुणाकारही मीच शिकवला होता.

प्लॅटफॉर्मच्या तोंडाला साखळी लावलीस. ती साखळी पहिल्या आठवड्यात एका बाजूनं लोंबकळणार, आत्ताच लोंबकळतेय. तिथं आपोआप बंद होणारं फाटक पाहिजे, आणि ते प्लॅटफॉर्मकडे उघडलं पाहिजे, शिडीकडे नाही. पुढे चल.

‘पण सर, पिंजरा लावलाय की.’ वाटलंच होतं मला. पिंजरा मात्र तू अगदी पुस्तकाप्रमाणे केलायस. जमिनीपासून सव्वादोन मीटरवर सुरू, कड्यांमधे दीड मीटरच्या आत अंतर, उभ्या पट्ट्या बरोबर. म्हणजे पुस्तक उघडलं होतंस! जे लांबून दिसतं तेवढं नीट केलंस, आणि जिथं हातपाय लागतात तिथं हात आखडता घेतलास. पाहणीला येणारा साहेब खालून मान वर करून पिंजरा बघतो आणि सही करतो, हे तुला ठाऊक आहे.

आता नीट ऐक. पिंजरा माणसाला पकडत नाही. हात सुटला की माणूस कड्यांच्या आतून जवळजवळ सरळ खालीच येतो. वाटेत एखाद्या कडीत पाय किंवा हात अडकला तर तो मोडतो, आणि माणूस मधेच अडकला तर त्याला खाली काढणं हे पडण्याइतकंच धोक्याचं होऊन बसतं. ब्रिटनच्या आरोग्य व सुरक्षा विभागानं २००४ साली या कड्यांवर अभ्यास छापला, त्यात कड्या पडणाऱ्याला थांबवतील याचा भरवसा देता आला नाही. अमेरिकेनं २०१६ मध्ये नियमच बदलला. १९ नोव्हेंबर २०१८ पासून २४ फुटांपेक्षा उंच नव्या शिडीला नुसता पिंजरा चालत नाही. तिथं माणसाला धरून ठेवणारी यंत्रणाच लागते. तुझी शिडी नऊ मीटर, म्हणजे साडेएकोणतीस फूट. आपल्याकडे अजून पिंजरा बघून समाधान मानतात, म्हणून तूही मानायचं का?

काय लावायचं? शिडीच्या मध्यावरून वरपर्यंत ताणलेली स्टीलची दोरी किंवा पक्का रेल, त्यावर सरकणारा फॉल अरेस्टर, आणि तो अंगातल्या हार्नेसच्या छातीवरच्या कडीला. मधली जोडणी नऊ इंचांच्या आत. चढताना तो बरोबर सरकतो, झटका बसला की जागच्या जागी जखडतो. कमरेचा पट्टा नव्हे, पूर्ण हार्नेस. सगळा खर्च एका हंगामाच्या ग्रीसएवढाही नसेल त्या कारखान्याला. पण तो मांडायचा कुणी? तू.

आणखी एक. डिपची टेप, थर्मामीटर, नमुन्याची बाटली घेऊन चढणाऱ्याचा एक हात आधीच गेलेला असतो. वर एक कप्पी आणि दोरी लावली असतीस तर सामान मागाहून ओढून घेतलं असतं. एवढं सुचत नाही? तुला चढताना सामान कोण देतं, हेल्पर. डिप घेणाऱ्याला कोण देणार?

‘सर, आधीची शिडी तर याहून वाईट होती, इतकी वर्षं कुणी पडलं नाही.’ हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा बोलू नकोस. १९४८ च्या कारखाने कायद्याचं कलम ३२ मी तुम्हाला उभं राहून म्हणायला लावायचो. जिथं जिथं माणसाला काम करावं लागतं तिथं जायची सुरक्षित वाट शक्य तितकी पुरवली पाहिजे आणि राखली पाहिजे. कुणी पडेपर्यंत थांबा, असं त्यात कुठं होतं? शिडीसाठी भारतीय मानकही आहे, आयएस ३६९६ चा दुसरा भाग, १९९१ चा. लायब्ररीत आहे. त्याच्या कार्डावर तुझं नाव नाही, मी बघितलं. ४ मार्चला सुरक्षा दिनाचा बिल्ला मात्र छातीवर लावून फोटो टाकतोस.

त्या शिडीवर चढणारी दोन पोरं आपलीच आहेत. एकाचा बाप ऊसतोड करतो. तुझ्या बापासारखाच. त्या पोराला मी विचारलं, वर जाताना भीती वाटते का? म्हणाला, नाही सर, वर गेल्यावर झाकण धरायचं असतं. कुणी तरी शिकवलं असणार त्याला.

आता काम. वरचे फ्लॅट वाढवायचे आणि फाकवायचे. क्लीट बदलून शिडी पुढे घ्यायची, कर्ब अँगल धरून माप काढायचं. दांड्या सगळ्या काढ, भोकं पाड, नव्यानं लाव, आणि रंगाच्या आधी मला बोलाव. फाटक, दोरी, अरेस्टर, कप्पी. आणि जिन्याचं वेगळं कोटेशन कारखान्याला लेखी दे, ते नको म्हणाले तर तेही लेखी घे. पैसे कुणाचे जाणार ते विचारू नकोस, तुझेच जाणार.

चीफ इंजिनिअरला मी काल सांगून आलोय. शिडीच्या खालच्या दांड्यांना पत्रा बांधून वाट बंद केली आहे, डिप सध्या शेजारच्या टाकीच्या जिन्यावरून घेतायत. मी सही करेपर्यंत तुझं बिल निघणार नाही, आणि आज मी सही करत नाही.