स्तोत्र देवाचे, श्रम कोणाचे?

नाताळ किंवा धर्मग्रामाच्या आश्रयदात्या संताचा सण जवळ आला, की गायनवृंदाची धावपळ सुरू होते. गीते निवडली जातात, कोणाकडे तरी जुने पुस्तक सापडते, कोणी मोबाइलवर ऐकून शब्द उतरवून घेतो, पाने झेरॉक्सच्या दुकानात जातात आणि सणाच्या सकाळी ख्रिस्तमंदिरातील बाकाबाकावर गीतांची पुस्तिका येऊन पडते. काही ठिकाणी आता पुस्तिकेऐवजी पडदा आला आहे, एवढाच फरक. पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर धर्मग्रामाचे नाव असते, छपाईचा खर्च उचलणाऱ्या कुटुंबाचे असते, क्वचित छापखान्याचेही असते. गीत ज्याने रचले आणि ज्याने त्याला चाल दिली, त्या दोघांचे नाव मात्र बहुधा कोठेच नसते. त्यांची परवानगी घेतली होती काय, असे कोणी विचारलेच, तर ऐकणारा चकित होतो. देवाच्या कामाला परवानगी कसली, हे त्याचे उत्तर ठरलेले.

हे उत्तर आम्हीही अनेकदा दिले आहे. म्हणून इतरांना दोष देण्यासाठी नव्हे, तर आपल्याच उत्तराची पारख करण्यासाठी हा लेखनप्रपंच.

हा प्रश्न झेरॉक्स यंत्राने जन्माला घातला, असे समजण्याचे कारण नाही. सहाव्या शतकातील आयर्लंडची एक दंतकथा प्रसिद्ध आहे. संत कोलंबा यांनी आपले गुरू संत फिनियन यांच्याजवळील स्तोत्रसंहितेची प्रत रात्री बसून गुपचूप उतरवून घेतली. गुरूंना ते कळले आणि त्यांनी त्या नकलेवर आपला हक्क सांगितला. देवाचे वचन जितके पसरेल तितके चांगले, त्याने मूळ पुस्तकाचे काय कमी झाले, हे शिष्याचे म्हणणे. वाद राजा डायरमेटपुढे गेला. गाईचे वासरू जसे गाईच्या धन्याचे, तशी ग्रंथाची नक्कल ग्रंथाच्या धन्याची, असा न्याय राजाने दिला. कोलंबा यांना तो मान्य झाला नाही आणि पुढे रणांगणावर रक्त सांडले, असे ही कथा सांगते. ती नक्कल म्हणून मानली गेलेली एक प्राचीन हस्तलिखित स्तोत्रसंहिता डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आजही जतन केलेली आहे. कथेत इतिहास किती आणि कल्पना किती, हे विद्वानांनी ठरवावे. आपल्यासाठी लक्षात घेण्याजोगे एवढेच, की येथे भांडणारे दोघेही संत होते आणि भांडणाचा विषय प्रार्थनेचे पुस्तक हाच होता.

आपल्या काळातील कथा अमेरिकेतील शिकागो शहराची आहे आणि तिच्यात दंतकथेचा अंश नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा दस्तऐवज प्रसृत केला आणि लोकभाषेतील उपासनेची दारे उघडली. लॅटिन गीतांचा शतकांचा साठा हाताशी होता. लोकभाषेतील गीते मात्र एकाएकी आणि मोठ्या संख्येने हवी झाली. आपल्या मराठी धर्मग्रामांना जी निकड जाणवली, तीच इंग्रजी भाषिकांनाही जाणवली. शिकागो येथील डेनिस फिट्झपॅट्रिक या संगीतकाराने अशी गीते प्रसिद्ध करण्यासाठी एफ. ई. एल. ही संस्था काढली. १९६६ साली तिने तरुणांसाठी गीतसंग्रह काढला आणि त्या गीतांचा फार मोठा प्रसार झाला. पण प्रसार झाला तो विक्रीने कमी आणि नकलांनी अधिक. एखादी प्रत विकत घ्यावी आणि तिच्यावरून सगळ्या धर्मग्रामाची पुस्तिका तयार करावी, ही रीत रूढ झाली. १९७२ साली संस्थेने वर्षाला शंभर डॉलर भरून नकला करण्याचा परवाना देऊ केला. तरीही विनापरवाना नकला थांबल्या नाहीत. अखेर १९७६ साली संस्थेने शिकागोच्या महाधर्मप्रांतावर दावा दाखल केला आणि महाधर्मप्रांताने धर्मग्रामांतून अशा पुस्तिका गोळा करून घेतल्या. १९८४ साली ज्यूरीने संस्थेला एकंदर तीस लाखांहून अधिक डॉलर देवविले. त्यातील सर्वांत मोठी रक्कम संस्थेच्या व्यवसायात अडथळा आणल्याबद्दलची होती. तो भाग अपील न्यायालयाने १९८५ साली फिरवला.

रकमेपेक्षा दुसरीच एक गोष्ट आम्हाला अधिक बोचते. ख्रिस्ती माणूस त्याच्या प्रेमावरून ओळखला जाईल, या आशयाचे एक गीत इंग्रजी भाषिक जगात घरोघरी पोहोचले. ते रचले शिकागोच्याच एका धर्मग्रामात सेवा करणाऱ्या पीटर शोल्टेस या धर्मगुरूंनी आणि प्रसिद्ध केले याच एफ. ई. एल. संस्थेने. त्याच शहरात, त्याच गीतांवरून, ख्रिस्ती माणसे पुढे एकमेकांना न्यायालयात भेटली.

तेव्हा देवाच्या कामाला परवानगी कसली, या उत्तराकडे पुन्हा वळू. या उत्तरामागे तीन विचार दडलेले आहेत आणि तिन्ही अगदीच टाकाऊ नाहीत.

पहिला विचार असा, की पवित्र वस्तूचा बाजार मांडू नये. प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात सिमोन नावाचा जादूगार पैसे पुढे करून पवित्र आत्म्याचे सामर्थ्य मागतो आणि पेत्र त्याची कठोर शब्दांत निर्भर्त्सना करतो. स्तोत्रासाठी पैसे मागणारा प्रकाशक याच पंक्तीत बसत नाही काय? आम्हाला तसे वाटत नाही. वेदीवरील मेणबत्त्या आपण विकत आणतो; द्राक्षारस विकत आणतो; ध्वनिक्षेपक लावणाऱ्याला त्याची मजुरी देतो. त्यामुळे मिस्साबलिदान विकत घेतले, असे कोणी म्हणत नाही. कृपेला मोल नसते. ती ज्यांच्या हातून आपल्यापर्यंत येते त्या हातांना मात्र पोट असते.

दुसरा विचार अधिक सूक्ष्म आहे. मेणबत्ती उचलून नेली तर दुकानदाराची मेणबत्ती जाते. गीत उतरवून घेतले तर कवीचे गीत कवीजवळच राहते. मग चोरी कोठे झाली? हा फरक खरा आहे आणि तो नाकारण्यात अर्थ नाही. पण याकोबाच्या पत्रातील शेतमजुरांची आठवण येथे करावी. त्यांनी शेत कापले, धन्याने मजुरी अडवून ठेवली आणि त्या मजुरीचा आक्रोश परमेश्वराच्या कानी गेला. त्या मजुरांच्या हातातून कोणी काही हिसकावून घेतले नव्हते. त्यांचे बळ त्यांच्या अंगात होते, कोयते त्यांच्याजवळ होते. गेले ते केलेल्या श्रमाचे मोल. सातवी आज्ञा वस्तूइतकीच श्रमाचीही राखण करते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी जे विश्वपत्र लिहिले, त्यात बुद्धीने केलेले कामही श्रमच मानले आहे. चार ओळींसाठी रात्रभर जागणारा कवी घाम गाळत नाही, असे ज्याने स्वतः कधी चार ओळी लिहिल्या नसतील तोच म्हणेल.

तिसरा विचार थेट शुभवर्तमानाचा आधार घेतो. फुकट मिळाले आहे ते फुकट द्या, असे प्रभू येशूने आपल्या बारा शिष्यांना सांगितले. देवाने दिलेली प्रतिभा देवाच्या लेकरांना विकावी काय? मत्तयकृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील हे आठवे वचन आपण वारंवार ऐकतो. पण त्याच बोधात, अवघ्या दोन वचनांनंतर, कामकरी आपल्या अन्नाला पात्र आहे, असेही प्रभू सांगतो. एकाच श्वासात उच्चारलेल्या या दोन आज्ञा परस्परविरोधी कशा असतील? आम्हाला त्यांचा मेळ असा दिसतो, की पहिली आज्ञा देणाऱ्यासाठी आहे आणि दुसरी घेणाऱ्यासाठी. कवीने स्वतःला विचारावे, मी हे फुकट देऊ शकतो काय? धर्मग्रामाने स्वतःला विचारावे, या कामकऱ्याला त्याचे अन्न मिळाले काय? आपली चूक होते ती येथे. कवीसाठी असलेली आज्ञा आपण त्याच्या वतीने पाळून टाकतो आणि आपल्यासाठी असलेली आज्ञा विसरून जातो. दान हे देणाऱ्याच्या हाताने होते. घेणाऱ्याने आपल्या हाताने उचलले आणि त्याला दान म्हटले, म्हणून ते दान होत नाही.

कायद्याने येथे बरीच विवेकी वाट काढली आहे, असे म्हणावे लागेल. आपल्या देशाच्या १९५७ सालच्या स्वामित्वहक्क कायद्याने, म्हणजे ज्याला आपण कॉपीराइटचा कायदा म्हणतो त्याने, प्रामाणिकपणे केलेल्या धार्मिक विधीत गीत गाण्याला मोकळीक दिलेली आहे. अमेरिकेच्या कायद्यातही उपासनेत गाण्याला अशीच सूट आहे. तेव्हा भाविकाच्या कंठावर कोणाचा पहारा नाही. ही सूट गाण्याची आहे. गीताची पुस्तिका छापून वाटणे ही वेगळी गोष्ट, आणि तेथे धन्याची संमती लागते. हा हक्कही अनंतकाळचा नाही. आपल्याकडे तो कवीच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी संपतो. रेव्हरंड ना. वा. टिळक १९१९ साली निवर्तले. त्यांची गीते छापण्यास आज कोणाच्या परवान्याची गरज नाही. पण रचना आपली असल्याचे सांगण्याचा कवीचा अधिकार याच कायद्याच्या ५७ व्या कलमाने वेगळा राखून ठेवला आहे. हक्क दुसऱ्याला विकल्यानंतरही तो कवीजवळ उरतो. गीताखाली कवीचे नाव छापायला पैसा लागत नाही. तरीही आपण ते छापत नाही, तेव्हा गरिबीची सबब पुरी पडत नाही.

गरिबीची सबब सर्वस्वी खोटी मात्र नाही. दानपेटीत जमलेल्या नाण्यांवर दिव्याचे बिल भागवणारी धर्मग्रामे आहेत. त्यांच्यापुढे मोठ्या प्रकाशनसंस्थेने मोठा आकडा ठेवला, तर त्यांनी गप्प राहावे काय? येथे ख्रिस्तसभेची शिकवण हक्क सांगणाऱ्यालाही मोकळे सोडत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या विश्वपत्रात खासगी मालमत्तेवर समाजाचे गहाण असते, असा विचार मांडला आहे. गीत हीही मालमत्ता असेल, तर तिच्यावरही ते गहाण आहे. पाश्चात्त्य देशांत आज अनेक प्रकाशकांची गीते मिळून एकच वार्षिक परवाना देणाऱ्या संस्था आहेत, आणि त्यांचे शुल्क उपासनेला येणाऱ्या लोकांच्या संख्येवरून ठरते. लहान मंडळीला ते थोडे पडते. २०२० साली महामारीने ख्रिस्तमंदिरांची दारे बंद झाली, तेव्हा वन लायसन्स या संस्थेने उपासना दूरवर प्रसारित करण्याचा आपला परवाना काही काळ विनामूल्य दिला. फुकट द्यावे ही आज्ञा येथे पाळली गेली आणि ती ज्याने पाळायची त्यानेच पाळली.

मग आपल्या धर्मग्रामांनी काय करावे? आपल्याकडील पुष्कळशी गीते आपल्याच धर्मगुरूंनी, धर्मभगिनींनी आणि प्रापंचिकांनी रचलेली आहेत. त्यांतील कित्येकांना पैशाची अपेक्षा नाही, हे आम्ही जाणतो. पण अपेक्षा नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकण्याचे कष्ट आपण घेतलेले नाहीत. एक पत्र लिहावे, एक दूरध्वनी करावा. गीत घेऊ का, असे विचारावे. शब्द बदलायचे असतील तर तेही विचारावे. नाव छापावे. ज्याचा चरितार्थ संगीतावर चालतो, त्याला मानधन द्यावे. प्रकाशकाचा परवाना लागत असेल तर त्याची रक्कम वार्षिक अंदाजपत्रकात फुलांच्या आणि रोषणाईच्या खर्चाशेजारी मांडावी. आणि इतके करूनही परवडत नसेल, तर कोणाचाही हक्क न मोडता गाता येणारी जुनी गीते थोडी नाहीत. ती पुन्हा शिकावीत.

शमुवेलाच्या दुसऱ्या ग्रंथाचा शेवट या संदर्भात आम्हाला वारंवार आठवतो. देशावर मरी आलेली असते आणि दावीद राजाला अरवना यबूसीच्या खळ्यावर वेदी बांधायची असते. अरवना खळे देऊ करतो, होमासाठी बैल देऊ करतो, सरपणासाठी औतांची लाकडेही देऊ करतो, आणि सारे काही मोफत. राजा ते घेत नाही. ज्याला आपली कवडीही लागली नाही, असे अर्पण मी माझ्या देवाला करणार नाही, या अर्थाचे उत्तर देऊन तो पन्नास शेकेल रुपे मोजतो आणि मगच वेदी बांधतो.

अरवना तर आपण होऊन देत होता. आपल्या पुस्तिकेतील कवीला आपण अजून विचारलेलेही नाही. येत्या सणाची गीते निवडायला बसू, तेव्हा प्रत्येक गीतापुढे रचणाऱ्याचे नाव लिहिण्यापासून आरंभ करावा. ज्याचे नाव ठाऊक नसेल, ते शोधून काढावे. तो शोधही त्या सणाच्या अर्पणाचाच एक भाग समजावा.