एसटी कधी खचते?

स्ट्रेस टेस्टमध्ये, म्हणजे आपल्या तोंडी बसलेल्या टीएमटीमध्ये, एकाच वेळी तीन गोष्टी मोजल्या जातात. माणूस किती मिनिटं चालला, छातीत कधी दुखू लागलं आणि कार्डिओग्राममधली एसटी रेषा एक मिलिमीटर कधी खचली. ॲक्युपंक्चरच्या सुया टोचून हृदय सुधारतं का, या प्रश्नाचं उत्तर आपण यांतल्या कोणाला विचारतो यावर बरंच अवलंबून आहे.

सिअ‍ॅटलच्या रॉबर्ट ब्रूस यांची पद्धत आपल्याकडेही सर्रास वापरतात. दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग वाढतो, चढही वाढतो. किती वेळ चालायचं हे एकटं हृदय ठरवत नाही. पाय, दम, भीती आणि शेजारी उभ्या डॉक्टरांचं ‘अजून थोडं, जमतंय’ हेही ठरवतं. काहीही उपचार न घेता दुसऱ्यांदा चाचणीला आलेला माणूसही बहुधा थोडा जास्त चालतो, कारण यंत्राची धास्ती गेलेली असते. दुखण्याचंही तेच. ते हृदयात सुरू होत असलं तरी त्याची तीव्रता मेंदू ठरवतो. उरते एसटी. ती कोणाच्या भिडेला बळी पडणार नाही, असं वाटतं.

पण तीही हलते. स्वीडनमध्ये 1991 साली छातीदुखीच्या 21 रुग्णांना काही आठवडे ॲक्युपंक्चर आणि काही आठवडे औषध नसलेली गोळी देऊन पाहिली. सुयांच्या काळात छातीदुखीचे झटके कमी झाले, दुखणं सुरू होण्याआधी जास्त श्रम झेपले आणि तेवढ्याच श्रमाला एसटीही कमी खचली. या तीनही साक्षी एका बाजूने! मग शंका कशाची?

शंका दोन. पहिली हृदयाच्या हिशेबातली. नाडीचे ठोके गुणिले वरचा रक्तदाब, हा गुणाकार म्हणजे हृदयाच्या खर्चाचा ढोबळ आकडा. मन निवलं, नाडी आणि दाब उतरले, की तेवढ्याच चढाला हृदयाला कमी रक्त पुरतं आणि एसटी उशिरा खचते. मिळकत तीच, घरखर्च आटोक्यात. यात लबाडी काही नाही. बीटा-ब्लॉकर गोळ्या मुख्यतः याच वाटेने काम करतात. मात्र धमनीतून येणारं रक्त वाढलं असेल तर एसटी पूर्वीपेक्षा मोठ्या गुणाकाराला खचायला हवी. त्यामुळे ‘तेवढ्याच श्रमाला’ आणि ‘तेवढ्याच गुणाकाराला’ या दोन तुलना वेगळ्या ठेवाव्या लागतात.

दुसरी शंका तुलनेची. गोळी गिळणं आणि कोणीतरी आठवड्यातून तीनदा शांतपणे सुया लावणं, या एका तोलाच्या गोष्टी नव्हेत. डेन्मार्कमध्ये संशोधक बॅलेगार्ड यांनी खऱ्या सुयांसमोर नकली सुया ठेवल्या. 1986च्या अभ्यासात कमाल श्रमाचा गुणाकार खऱ्या सुयांनी जास्त वाढला, पण झटक्यांत फरक पडला नाही. 1990च्या अभ्यासात 49 रुग्ण होते. त्यात झटके आणि जिभेखालच्या गोळ्या जवळपास निम्म्यावर आल्या, पण दोन्ही गटांत! याचा अर्थ सुया निरुपयोगी, असा मी लावणार नाही. भलत्या जागी टोचलेली सुईही मज्जातंतूंना जाणवतेच. तिला ‘काहीच नाही’ म्हणणं अवघड आहे.

हा कडक न्याय फक्त सुयांनाच लावायचा असेल तर तो पक्षपात होईल. 2017मध्ये ब्रिटनच्या ऑर्बिटा अभ्यासात 200 रुग्णांपैकी साधारण निम्म्यांना धमनीत स्टेंट बसवला, बाकीच्यांवर नुसतं तसं सोंग केलं. सहा आठवड्यांनी पट्ट्यावरच्या वेळेत दोन्ही गटांत साधारण 17 सेकंदांचा फरक निघाला, आणि तोही योगायोगापलीकडचा म्हणता येईना. हृदयाच्या भिंतीची हालचाल मात्र स्टेंटवाल्यांत सुधारली होती. म्हणजे रक्त वाढलं, चालणं फारसं वाढलं नाही. पुढे 2023मध्ये छातीदुखीची औषधं बंद ठेवून पुन्हा पाहिलं, तेव्हा स्टेंटने सुमारे एक मिनिट जास्त मिळालं.

पुन्हा सुयांकडे येऊ. 2019मध्ये चीनमधल्या 404 रुग्णांच्या अभ्यासात नेमक्या बिंदूंवरच्या सुयांनी नकली सुयांपेक्षा झटके जास्त कमी केले. रुग्णाच्या दृष्टीने ही मोठीच गोष्ट. पण तिथलं मुख्य मोजमाप रुग्णांनी नोंदवलेले झटके हेच होतं. एसटी कोणत्या गुणाकाराला खचते, हा प्रश्न त्यातून सुटत नाही.