अर्ध्या फळाची यात्रा

“आरं, इठ्ठल हितं दोन मुक्कामावर उभा हाय, आन् तू इमानात बसून कुठल्या मुलखाला निघालास?” आत्यानं विचारलं.

हसण्यावारी नेता आला असता, पण प्रश्न खरा होता. माउलींची पालखी आमच्या वेळापूरहून हलली की पुढं भंडीशेगाव, मग वाखरी आणि त्यानंतर पंढरपूर. गाडीनं गेलं तर पस्तीसेक किलोमीटर. आत्यानं उभ्या हयातीत यापलीकडचा प्रवास फारसा केला नाही आणि तिचं काही अडलंही नाही. मी मात्र पतसंस्थेतल्या हिशेबनिसाच्या नोकरीतून मोकळा झालो आणि बायकोला घेऊन कंबोडियाला जायचं ठरवून बसलो. तेही टूर कंपनीचा हात न धरता, तिकिटापासून खोलीपर्यंत सगळं आपलं आपण बघून, खिशाला परवडेल अशा बेतानं. देव घराजवळ असताना समुद्रापार जाणं ही भक्तीतली उणीव म्हणायची की नुसती हौस? आणि हौस असेल तर तिला धर्माच्या वहीत कुठलं पान द्यायचं?

गंमत अशी, की आपल्या धर्मशास्त्रानं प्रवासाचे हिशेब आमच्या पतसंस्थेपेक्षा चोख लिहून ठेवलेत. महाभारताच्या वनपर्वात सरळ म्हटलंय, की यज्ञाला साधनसामग्री लागते, तो राजांना आणि धनवंतांना जमतो. गरिबासाठी तीर्थयात्रा आहे, आणि तिचं पुण्य यज्ञाहून कमी नाही. म्हणजे कमी खर्चातला प्रवास हा काही आजचा शोध नव्हे, यात्रेची सुरुवातच तिथून आहे. पुढं सोळाव्या शतकात, मूळच्या पैठणच्या पण काशीत स्थायिक झालेल्या घराण्यातल्या नारायणभट्टांनी ‘त्रिस्थलीसेतू’ लिहिला. प्रयाग, काशी आणि गया या तीन तीर्थांचा तो ग्रंथ. अशा ग्रंथांतून टक्केवारीच दिलेली असते. वाहनात बसून गेलात तर अर्धं फळ गेलं. वाटेत व्यापार केलात तर चारातले तीन हिस्से गेले. दुसऱ्याकडून दान घेत गेलात तर सगळंच गेलं. दुसऱ्या कुणासाठी म्हणून गेलात तर हाती फक्त सोळावा हिस्सा. आणि दुसऱ्याच कामानं निघालात, वाटेत तीर्थ लागलं म्हणून दर्शन घेतलं, तर अर्धं मिळतं.

हा तक्ता प्रथम वाचला तेव्हा मला त्यातला हिशेबनीस ओळखीचा वाटला. त्याचा रोख एकाच गोष्टीवर आहे: या प्रवासाचा भार कोण सोसतंय? पाय तुमचे, पैसा तुमचा आणि कष्टही तुमचे असतील, तर फळ तुमचं. भार जितका दुसऱ्याच्या डोक्यावर, तितकी वजावट.

समुद्र ओलांडायला मात्र शास्त्राचा विरोधच होता. बौधायन धर्मसूत्रात समुद्रप्रवास हे पतनाचं कारण सांगितलंय. पण त्याच ग्रंथात उत्तरेकडच्या लोकांच्या खास चालीरीतींमध्येही समुद्रयानाची नोंद आहे. बंदी घालावी लागली याचा अर्थ लोक जातच होते. आपल्याकडे या बंदीला सगळ्यांत धिटाईनं कुणी तोंड दिलं असेल, तर आनंदीबाई जोशींनी. २४ फेब्रुवारी १८८३ रोजी बंगालमधल्या श्रीरामपूरला भरसभेत उभं राहून, आपण अमेरिकेला का जातोय हे त्यांनी सांगितलं, आणि हिंदू म्हणून जाऊन हिंदू म्हणूनच परत येईन अशी ग्वाही दिली. एप्रिलमध्ये त्या कलकत्त्याहून बोटीत बसल्या, तेव्हा वय अठराच्या आसपास. खर्चासाठी हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकल्या होत्या. जिच्या हातातलं सोनं तिकिटाला लागलं, तिचा प्रवास कुठल्याही तक्त्यात कमी भरेल असं मला वाटत नाही. आमचं जाणं तिच्या पासंगालाही पुरणारं नाही. तिला वैद्यकी शिकायची होती, आम्हाला देवळं बघायचीत. पण भार कुणाचा हा प्रश्न दोघांनाही सारखाच लागू.

आमची तयारी रात्रीच्या जेवणानंतर चालते. टेबलावर लॅपटॉप, शेजारी माझी आखीव वही. डावीकडं ठरलेला खर्च, उजवीकडं अंदाजाचा. पासपोर्ट सोलापूरला जाऊन काढले, पडताळणी वेळापूरच्या पोलीस ठाण्यात झाली. व्हिसाला माणशी तीस डॉलरच्या आसपास. अंगकोरच्या देवळांचा एक दिवसाचा पास ३७ डॉलर, तीन दिवसांचा ६२, सात दिवसांचा ७२. तीन दिवसांचा पास दहा दिवसांत सवडीनं वापरता येतो, म्हणून तोच धरला. म्हाताऱ्या गुडघ्यांना मधे एखादा दिवस बसायला मिळाला की बरं. विमानाचं तिकीट दोन तुकड्यांत वेगवेगळं काढलं तर स्वस्त पडतं. पण पहिलं विमान उशिरा आलं तर दुसरी कंपनी थांबत नाही, नवं तिकीट आपल्या खिशातून. बायकोनं हे ऐकलं आणि ती रक्कम स्वतःच खोडली. “अहो, वाचवायचेत ते पैसे, झोप नाही,” म्हणाली. एकाच बुकिंगचं, जरा महाग तिकीट घेतलं.

तारखांवर मात्र बराच खल झाला. तिकडं जून ते ऑक्टोबर पावसाळा, गर्दी कमी, विमान आणि खोल्या दोन्ही स्वस्त. नेमका त्यातच आषाढ. माणशी सहा-सात हजार वाचत होते. पण आषाढात पालखी वेळापूरला मुक्कामाला असते, आमच्या पडवीत आणि अंगणात वारकरी उतरलेले असतात, चुलीवरचं पातेलं दिवसभर खाली उतरत नाही. ते दार बंद करून, कुलूप लावून स्वस्तात देवळं बघायला जायचं? या बाबतीत आम्हा दोघांना एकमेकांशी बोलावंही लागलं नाही. मार्गशीर्षातल्या तारखा धरल्या. धर्म म्हणजे काय यावर मी पुष्कळ कीर्तनं ऐकलीत. पण त्याची किंमत रुपयांत अशी वहीवर उतरलेली मी पहिल्यांदाच पाहिली.

आता दुसरी अडचण. आमच्या ओळखीचे एक बुवा म्हणाले, “इतकं कसलं आखताय? भार देवावर टाकावा आणि निघावं.” ऐकायला गोड आहे. पण मी आमच्या दिंडीचा जमाखर्च वर्षानुवर्षं लिहिलाय, त्यामुळं देवावर भार टाकणारी माणसं प्रत्यक्षात काय करतात ते मला ठाऊक आहे. पालखीचा कार्यक्रम तिथीवार आधी छापून येतो. कुठल्या गावी विसावा, कुठं रिंगण, कुठं मुक्काम, सगळं ठरलेलं. दिंड्यांना क्रमांक आहेत, रथापुढच्या कुठल्या आणि रथामागच्या कुठल्या ते ठरलेलं आहे. माणशी भिशी गोळा होते. तिच्यातून ट्रकचं भाडं, तंबू, पाण्याचा टँकर, आचारी, गॅस, तांदूळ, डाळ. एक पोतं कमी पडलं तर वाखरीला पंगत अडते. आजच्या सोहळ्याला ही शिस्त लावली हैबतबाबा आरफळकरांनी, एकोणिसाव्या शतकात. ते शिंद्यांच्या लष्करात राहिलेले. मुक्कामाला समाजआरती होते, तेव्हा चोपदार दंड उंचावतो. लाखोंचा जमाव गप्प होतो आणि मग हरवलं-सापडलं पुकारलं जातं. कुणाचा चष्मा, कुणाची पिशवी, कुणाची चुकलेली म्हातारी. देवाच्या पालखीसमोर हरवलेल्या चष्म्याची दखल घेणारा हा संप्रदाय आहे. त्याला बेशिस्तीत भक्ती दिसत नाही.

म्हणून बुवांना मी एवढंच सांगितलं, की देवावर टाकायचा तो उरलेला भार. आपल्या हातात होतं ते नीट केल्यावर जे उरतं, ते त्याचं. विमा काढायचा, कागदांच्या प्रती मुलाकडं ठेवायच्या, औषधांची चिठ्ठी बरोबर घ्यायची. एवढं करूनही धुकं पडेल, पोट बिघडेल, दोन देशांच्या सीमेवर तोफा सुरू होतील. तिथं हात जोडायचे. आधीच हात जोडून बसलं तर आपला आळस देवाच्या नावावर चढतो.

स्वस्तात जाण्याचा एक धोका मात्र मला शास्त्राच्या तक्त्यावरूनच उमगला. भाच्यानं युक्ती सांगितली: तीन हॉटेलांत फुकट रद्द होणारं बुकिंग करून ठेवा, शेवटच्या दिवशी दोन सोडून द्या. नियमात बसतं, पैसाही जात नाही. पण त्या दोन खोल्या कुणाच्या तरी रिकाम्या राहतात. पंधरा-वीस डॉलरच्या खोलीचा मालक म्हणजे काही शेठ नव्हे. आमच्या स्टँडजवळच्या लॉजवाल्यासारखाच कर्ज काढून बसलेला असणार. माझी बचत त्याच्या वहीत तोटा म्हणून लागणार असेल, तर ती बचत नाही, मागितल्याशिवाय घेतलेलं दान आहे. आणि दान घेत गेलं की फळ सगळंच जातं असं तक्ता सांगतो. टुकटुकवाल्याशी घासाघीस करायची ती त्याचा दिवस बुडणार नाही इतपत. अंगकोरच्या प्रत्येक पासातले दोन डॉलर तिथल्या कांथा बोफा या मुलांच्या रुग्णालयाला जातात, हे वाचून त्या ६२ डॉलरचं वाईट वाटेनासं झालं.

राहिला मूळ प्रश्न: जायचंच कशाला? आमच्या गावात अर्धनारीनटेश्वराचं यादवकालीन देऊळ आहे. शिव आणि शक्ती वेगळे नाहीत हे आम्ही लहानपणी त्या दगडांत पाहिलं. पंढरीत विठोबाच्या मस्तकी शिवलिंग आहे असं वारकरी मानतात, म्हणजे हरी आणि हरही वेगळे नाहीत. आता कंबोडियात बघा. अंगकोरच्या आधीच्या राजधानीचं नावच हरिहरालय. नवव्या शतकात इंद्रवर्म्यानं तिथं बाकोंगचं पायऱ्यापायऱ्यांचं शिवमंदिर उभारलं. बाराव्या शतकात दुसऱ्या सूर्यवर्म्यानं अंगकोर वाट विष्णूसाठी बांधलं आणि पुढं तिथं बुद्ध आला. पश्चिमेच्या दारातल्या आठ हातांच्या विष्णूला तिथले बौद्ध आजही उदबत्ती लावतात. बौद्धांच्या पवित्र दिवशी मंदिराचा सर्वांत वरचा भाग पाहुण्यांना बंद असतो. म्हणजे ते अवशेष नव्हेत, नांदतं देवस्थान आहे, आणि तिथं यजमान ते आहेत. जे आपण घरी मानतो, ते कुणीतरी हजार वर्षांपूर्वी समुद्रापार, आपल्याला न विचारता, वेगळ्या भाषेत मानलं. हे डोळ्यांनी पाहावं असं वाटणं यात मला भक्तीची उणीव दिसत नाही. आपला देव आपल्या शिवारापुरता आहे, हे मानण्यात मात्र दिसते.

तरीही मी या प्रवासाला यात्रा म्हणणार नाही. म्हटलं तर आत्या गप्प बसेल, नातेवाईक नमस्कार करतील, आणि हौसेला सोवळं नेसवल्याचं पाप तेवढं माथी येईल. आम्ही बघायला चाललोय, वाटेत देव भेटेल. शास्त्रानं अशा माणसाला अर्धं फळ दिलंय, आणि विमानाची वजावट धरली तर त्यातलंही अर्धंच हाती लागेल. चार आणे म्हणा. ते आपल्या पैशानं, आपल्या कष्टानं आणि कुणाची खोली न अडवता मिळालेले असले, की माझ्या वहीत पुरेसे आहेत.